खूण तू दिली होतीस

ठाकरवाडी, कशेळ्याच्या वर
१२ मार्च

सुप्रिया,

फोन लागत नाही, मेसेजवर एकच टिक येते. तू मला ब्लॉक केलंस हे कळायला बी.ए. करावं लागत नाही. कागदाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून कागद. सदूभाऊची जीप कशेळ्याहून कर्जतला जाताना कडावला तुमच्या डेअरीपाशी थांबतेच. त्याच्या हातात देतेय. तो म्हणाला, "काय गं चिंधे, आता पोस्टमन पण मीच का?" मी म्हटलं, "पोस्टमनला खाकी लागते, तुझ्या अंगात नुसता शर्ट असला तरी खूप हाय."

मी बरी आहे. खांदा बरा आहे. आईनं वैदूचं तेल चोळून चोळून घर वासानं भरलंय, ते सोडलं तर काही तक्रार नाही.

तुझ्याकडे एकच काम आहे. जगदीश सरांना जाऊन सांग, की खूण तू दिली होतीस. जास्त काही बोलू नकोस, कारण सांगू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. एवढं एक वाक्य सांग.

पंजाबात त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहून काढते, म्हणजे उद्या "मला आठवत नाय" म्हणायला जागा राहणार नाही. सॉफ्टबॉलची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिसऱ्या नंबरचा सामना, शेवटचा डाव, बरोबरी. मी तिसऱ्या बेसवर आणि तू बॅट घेऊन उभी. मी होमला पोचले की आपण जिंकलो आणि मेडल गळ्यात. आपला बंट त्या स्पर्धेत आधीही जमला होता. पिचरनं हात उचलला की मी धावत सुटायचं, तू बॅट आडवी धरून चेंडू पायापाशी पाडायचा, तो कुणी उचलेपर्यंत मी घरात. कधी करायचं ते सरांनी आपल्यावर सोडलं होतं. "तुमचं दोघींचं तुम्ही ठरवा, मला मध्ये घेऊ नका," हे त्यांचेच शब्द. म्हणून खूणही आपली दोघींचीच, तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तू वाकून माती घ्यायची आणि तळव्यांना चोळायची. मी गुडघ्याला हात लावायचा.

तू माती घेतलीस. मी गुडघ्याला हात लावला. तू मान पण हलवलीस.

मग मी धावले. मान खाली घालून धावले, कारण वर बघायची गरज मला तुझ्या बाबतीत कधी पडली नव्हती. कॅचरवर आदळले तेव्हा चेंडू तिच्या हातात होता. तुझी बॅट पूर्ण फिरून खांद्यामागे गेली होती. आडवी तू धरलीच नव्हतीस, सगळ्या ताकदीनं मारायला गेलीस आणि हुकलीस. मी आउट. बरोबरी सुटेना म्हणून झालेल्या जादा डावात त्यांनी रन काढला आणि आपण चौथ्या. चौथ्या नंबरला चहा मिळतो, मेडल मिळत नाही.

हुकणं मी समजू शकते. माझ्याही हातून किती चेंडू निसटलेत. पण सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हिला कुणी सांगितलं धावायला?" तेव्हा तू बुटाची नाडी सोडत म्हणालीस, "मी कायच खूण दिली नाय सर. ती आपली आपणच धावली."

सर म्हणाले, "रानातली पोर. पाय आहेत, डोकं नाही." सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस, एवढं मी तुझ्या बाजूनं मान्य करते.

आपल्या मनानं धावणारी मुलगी मला संघात नको, असं सर म्हणालेत. ऑगस्टात निवड चाचणी आहे. वयाच्या अटीत बसणारं हे माझं शेवटचं वर्ष, ते का ते तुला सांगायला नको. मी वीटभट्टीवर होते तेव्हा माझ्या वयाच्या पोरी अकरावीत होत्या. पुढच्या स्पर्धेत पहिल्या तिनांत आलो तर पोलीस भरतीत माझा काही तरी हिशोब लागेल, नाहीतर पुन्हा भट्टी आहेच. तेव्हा सांग.

हे झालं की मी तुझं तोंड बघणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. बघेन.

चिंधी


२ एप्रिल

सुप्रिया,

सदूभाऊ म्हणतो, तू पत्र घेतलंस, दुधाच्या किटलीखाली सरकवलंस आणि "बरं" म्हणालीस. बरं म्हणजे काय ते मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बरं म्हणजे बरं." अशा माणसाच्या हातात माझं नशीब आहे.

कॉलेजात गेले होते. मी आले की आपल्या मुलींच्या गप्पा थांबतात. जगदीश सर समोरून आले आणि त्यांना एकदम फोन आला. फोन वाजला नव्हता.

पोशीरची सुनिता तेवढी बोलली. तिनं जे सांगितलं ते खरं नसावं असं मला वाटत होतं, म्हणून चार दिवस थांबून लिहितेय. त्या सामन्याआधी, जेवणाच्या वेळी, त्या सरकारी खात्याच्या संघाचे निवड करणारे साहेब तुझ्याशी बोलत होते. सुनिता बाजूच्या नळावर बाटल्या भरत होती. ते म्हणाले, "आम्हाला मारणारी पोरगी हवी. बंट करणाऱ्या पैशाला पासरी मिळतात." तू म्हणालीस, "मी मारून दाखवते सर."

म्हणजे बॅट हातात घेण्याआधीच तुझं ठरलं होतं.

मग माती का उचललीस गं? मारायचं होतं तर सरळ मारायचं. मी बेसवर उभी राहिले असते आणि तू हुकलीस तरी मी तिथंच असते. दुसऱ्या चेंडूला पुन्हा बघितलं असतं. रात्रंदिवस याच एका गोष्टीवर डोकं चालवलं आणि मग कळलं. इतकं सोपं होतं की मला माझीच लाज वाटली. मी धावत सुटले की त्यांच्या पोरी बंट समजून पुढं पळत येणार. त्या पुढं आल्या की मागचं मैदान रिकामं, आणि त्यात तू चेंडू घालणार. साहेबांना दिसणार की पोरीनं काय मारलाय.

आमच्याकडे बिबट्या यायला लागला की फॉरेस्टवाले पिंजऱ्यात शेळी बांधतात. पण शेळीला कुणी मैत्रीण म्हणत नाही.

पहिल्या दिवशी हजेरीत माझं नाव आलं आणि वर्ग हसला. चिंधी! मागं बसलेली तू मोठ्यानं म्हणालीस, "त्यात हसायला काय हाय? माझ्या आजीचं नाव धोंडी हाय." खोटं होतं ते, तुझ्या आजीचं नाव लक्ष्मी. तुझं ते पहिलं खोटं मी ऐकलं, आणि त्यावर मी जीव टाकला.

सरांना सांग. आता मी विनंती करत नाही.

चिंधी


८ जून

सुप्रिया,

अभिनंदन. कडावच्या नाक्यावर फ्लेक्स लागलाय, तो बघायला मी खास उतरले. "कडावची वाघीण, नोकरी व राष्ट्रीय शिबिरासाठी निवड." खाली शुभेच्छुकांचे फोटो तुझ्यापेक्षा मोठे. हुकलेल्या एका फटक्यावर निवड होत नाही हे मला कळतं, आधीच्या सामन्यांत तू मारलंस, चांगलं मारलंस. तुला त्या साहेबांना दाखवायला माझी गरजच नव्हती. ते जास्त लागलं.

फोटो आपला संघाचा आहे, पंजाबला निघताना कर्जत स्टेशनवर काढलेला. बाकी सगळ्या कापल्यात, मी पण. फक्त तुझ्या खांद्यावर एक हात राहिलाय. मनगटाला काळा दोरा आहे, म्हणजे माझाच. फ्लेक्सवाला कापायला विसरला. मी खाली उभी राहून इतकी हसले की पानवाला म्हणाला, "काय झालं गं पोरी?" मी म्हटलं, "काय नाय काका, माझा हात हाय तो." त्यानं मला वेडी समजून पाणी दिलं.

नंतर जीपमध्ये रडले. सदूभाऊनं आरसा वर फिरवला, आणि गाणी मोठ्यानं लावली. चांगला माणूस आहे.

खांदा बरा आहे असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते खरं नाही. अजून हंडा डोक्यावर चढवताना आई हात लावते. वाडीतली पोरं मी झाडाला चेंडू मारते ते बघायला येतात आणि चेंडू झाडापर्यंत पोचला नाही तर आणून देतात. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत. तुझ्यापाशी कधी खोटं बोलले नव्हते, आणि एकदा बोलले ते मला आवडलं नाही.

तू अजून सरांना सांगितलेलं नाहीस. नोकरी तर मिळाली ना आता? आता सांगायला काय जातं तुझं?

चिंधी


१९ जुलै

सुप्री,

काल तुमच्या शेतावर मी यायचं नाही म्हणत होते. आईनं मला घरातून जवळजवळ ओढत आणलं. मी म्हटलं, "ती खोटी हाय, तिच्या बांधावर मी पाय ठेवणार नाय." आईनं लुगड्याचा काष्टा घातला आणि म्हणाली, "सावड घराची घराशी असते, पोरीची पोरीशी नाय. मागल्या साली त्यांची चार माणसं आपल्या खाचरात येऊन लावून गेली. आपली पाळी बाकी हाय. पावसात रोपं थांबतात का तुमच्या भांडणासाठी?" माझ्या आईचं नाव सुंदरा आहे, पण जीभ तशी नाही, तिच्यापुढं बोलायची सोय नाही.

तू घरी असशील हे मला ठाऊक नव्हतं. शिबिरातून सुट्टी घेऊन आलीस आणि गुडघाभर चिखलात उभी. वाघीण! मला बघून तुझ्या हातातली रोपांची मूठ पडली, ती मी पाहिली.

काकींनी मुद्दाम आपल्याला शेजारी उभं केलं असणार. लावणीच्या ओळीत दोघी शेजारी असल्या की भांडता येत नाही. मागं मागं सरकायचं, शेजारणीच्या हाताचा वेग धरायचा, नाहीतर ओळ वाकडी होते. तू पहिल्यापासून उतावळी, तुझी ओळ नेहमी पुढं पळते. काल तू माझ्यासाठी हळू लावत होतीस. खांदा दुखतो ते तुला न सांगता कळलं होतं, की पत्रात वाचलं होतंस? वाचलंस ना सगळी?

आणि मग दुपारी बांधावर भाकरी खाताना, माझ्याकडं न बघता तू म्हणालीस, "सरांना फोन केला मी. बोलले. तू चाचणीला जा."

माझ्या घशात भाकरी अडकली. तू पाण्याची बाटली पुढं केलीस. मी अर्धी बाटली पिऊन टाकली, नाहीतर सगळ्या बायांसमोर रडले असते. काकी म्हणाल्या, "झालं गेलं पावसात गेलं. माझ्या पोरीचं मन मोठं हाय." मला त्या क्षणी वाटलं, हो, आहे. इतके महिने घेतलेस, पण शेवटी बोललीस. माणसाला भीती वाटते. नोकरी हातची जाईल असं वाटलं असेल. मी तुझ्या जागी असते तर किती दिवस लावले असते, कुणास ठाऊक.

शेळीचं जे लिहिलं होतं ते फाडून टाक. फ्लेक्सचं ठेव, ते विनोदी आहे.

तिसऱ्या प्रहरी आपण जोडीनं शेवटचं खाचर लावलं आणि ओळ सरळ आली. आई पण म्हणाली, "दोघींची बरी जमते." घरी येऊन इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी पालथी झोपले. खांद्यानं कुरकुर केली, पण मी ऐकलं नाही.

चाचणी झाली की लगेच लिहिते. आणि ब्लॉक काढ आता, सदूभाऊ कंटाळलाय.

तुझी चिंधी


४ ऑगस्ट

सुप्रिया,

लगेच लिहिते म्हणाले होते. लगेच लिहायला हात उचलला नाही.

चाचणीला सगळ्यांच्या आधी पोचले. खालापूरच्या बाजूच्या त्या मैदानावर चिखल होता, आम्ही भुसा टाकून बेस मांडले. सर आले, मला बाजूला बोलावलं, आणि हसले. माझ्याकडे बघून सर शेवटचे कधी हसले होते ते मला आठवत नव्हतं. मला वाटलं, आता सॉरी म्हणणार. सर सॉरी म्हणाले तर काय म्हणायचं, ते मी जीपमध्ये पाठ करून आले होते.

सर म्हणाले, "सुप्रियाचा फोन आला होता. पोरीचं मन मोठं आहे बघ. म्हणाली, 'सर, तिच्यामुळं मेडल गेलं खरं, पण मी तिला माफ केलंय. तुमी पण करा.' आता तिनंच माफ केलं, तर मी कोण?"

तू मला माफ केलंस.

सुप्रिया, मी तुझ्याकडे एक वाक्य मागितलं होतं. तू एक वाक्य दिलंस. बांधावर बसून, माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन तू हे सांगत होतीस, आणि काकी जे मोठं मन म्हणाल्या ते हे मन. मी तुझ्या घरची रोपं लावत होते आणि तुमच्या घरी मी माफ झालेली होते. मला सांग, फोन ठेवल्यावर तुला बरं वाटलं का? वाटलं असेल. तुला खरंच वाटत असेल, की चिंधीचं काम केलं.

पुढं ऐक. सर म्हणाले, "फक्त एक कर. सगळ्या मुलींसमोर कबूल कर की खूण नसताना धावलीस. संघात शिस्त राहिली पाहिजे. मग तुझं नाव टाकतो." मुली ओळीत बसून बुटांचा चिखल काढत होत्या. सगळ्या बघत होत्या. मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं ठरवून उघडलं होतं, आईशपथ. मग डोळ्यांपुढं भट्टी आली. विटा उलट्या करताना हातांची सालं जातात ना, ती. आणि तोंडातून आलं, "हो सर. खूण नव्हती. मी माझ्या मनानं धावले. चुकले."

टाळ्या वाजल्या. माझं नाव घेतलं.

तेव्हा आता तू सरांना खरं सांगू नकोस. कधी तुला पाझर फुटला, तरी नको. आता तू बोललीस तर खोटी मी ठरेन आणि नाव जाईल. तुझं खोटं आता मला सांभाळायचंय.

हे इथं संपलं असतं तरी मी कसंतरी गिळलं असतं. मग दोन बाजू करून सराव सामना झाला. मी तिसऱ्या बेसवर गेले. बॅटिंगला सुनिता आली, आपली पोशीरची, जिनं मला त्या साहेबांचं सांगितलं होतं. सकाळीच तिनं माझ्याबरोबर बंटची खूण ठरवली होती, हेल्मेटवर दोनदा बोट. "तू धाव, मी चेंडू पाडते," म्हणाली. तिनं हेल्मेटवर बोट मारलं. मी पाहिलं. मी उत्तराची खूण पण दिली. पिचरनं हात उचलला.

माझे पाय हलले नाहीत. मी खरं सांगते, मी त्यांना हलायला सांगितलं. सुनितानं बंट इतका सुरेख पाडला की तू पण वाहवा म्हणाली असतीस. चेंडू चिखलात निवांत पडून राहिला, आणि मी बेसवर उभी. तिला पहिल्या बेसवर आउट केलं.

सर ओरडत आले. "सुनिता! बंट कुणी सांगितला तुला? रनर उभी आहे, दिसत नाही?"

ती म्हणाली, "सर, आमचं ठरलं व्हतं. मी चिंधीला खूण दिली."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "दिली होती?"

अर्ध्या तासापूर्वी नाव घेतलेलं. सगळ्या मुली बघतायत. सुनिता तर बघतच नव्हती, ती बॅटची माती पुसत होती, मी काय म्हणणार याची तिला खात्रीच होती.

मी म्हटलं, "मला तर काही खूण दिसली नाही सर."

सर म्हणाले, "शाब्बास चिंधी. आता डोकं आलं तुला." सुनितानं वर पाहिलं. बॅट खाली ठेवली. मग ती जाऊन शेवटच्या मुलीच्या पलीकडं बसली. तिचं नाव राखीव मुलींत गेलं.

उद्या सरावाला ती भेटेल. शेजारीच उभी असेल. इतकी पत्रं लिहिली, तू एकाचं उत्तर दिलं नाहीस, त्याचं मी आता काही म्हणत नाही. पण याचं दे. समोर आल्यावर तिच्याशी काय बोलायचं असतं, ते मला येत नाही आणि तुला येतं. सदूभाऊ म्हणतो तू अजून घरीच आहेस. तो संध्याकाळी परत फिरतो. त्याच्याकडे चिठ्ठी दे.

चिंधी